खुर्ची

तळोद्याच्या तहसीलमध्ये
आपसिंग पावरा आणि मी एकत्रच शिरलो.
एकाच कॉलेजची पदवी,
त्याचे मार्क माझ्यापेक्षा सहा जास्त.
माझं आडनाव ऐकून कारकुनानं खुर्ची पुसली.
त्याला म्हणाला, "ए, तू बाहेर रांगेत."

मी बसले.
एवढं लिहायला तीन वर्षं लागली.

वनहक्काच्या त्रेपन्न फायली
त्यानंच नंतर उभ्याउभ्या समजावल्या,
पावरीतून मराठीत, मराठीतून सरकारीत.
मी मान डोलावत होते.

अहवालात लिहिलं:
'कार्यालयाकडून उत्तम सहकार्य मिळाले.'
आपसिंगनं वाचलं. सही केली.
पेन परत देताना म्हणाला,
"ताई, कोणाला?"

शहाद्याच्या एसटीत
खिडकीची जागा त्यानं
रुमाल टाकून धरली होती,
माझ्यासाठी.