हिरव्यावर हिरवा

अक्कलकोट रोडच्या त्या कारखान्यात
वर सोळा ट्यूबा, त्यातल्या तीन फडफडत्या.
डोळ्याला पांढऱ्याच दिसतात.
कॅमेऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, शेवाळ.

माझे दोन दिवे भरदुपारचे.
राजमणी कोंड्यालच्या एका गालावर टाकले
आणि बाई मधोमध दुभागली:
इकडे उन्हातली, तिकडे
आठवडाभर तापात पडलेली.

ट्यूबा बंद करता का, म्हणालो.
मुकादम ओरडला (मागांच्या खडखडाटात सगळे ओरडतातच):
"मग रोज तुम्ही देणार का सगळ्यांचा?"

तेव्हा पिशवीतून काढला जिलेटिनचा कागद,
काकडीच्या गरासारखा, हिरवा म्हणावा न म्हणावा असा,
आणि दोन्ही दिव्यांना लावला,
कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी.

"आधीच हिरवं, त्यात अजून हिरवं?"
होय, राजमणीबाई.
सगळ्यांना एकच दुखणं द्यायचं,
मग औषध एकदाच.
आता काहीतरी पांढरं धरा तोंडासमोर.

तिनं गठ्ठ्यातला टॉवेल ओढला.
"तो नको," नरसप्पा गुर्रम मागून.
रंगखात्यातला माणूस, नखं कायमची मरून.
"नीळ दिलीय त्याला. खोटं पांढरं ते."
आणि निळीआधीचा, नुसता धुवट तुकडा
घेऊन आला दोन बोटांत.

बटण दाबलं.
स्क्रीनवरून शेवाळ उतरलं.
राजमणी वाकून बघत राहिली स्वतःला.
"पच्चगा लेदु," म्हणाली,
हिरवी नाही मी.

नरसप्पा मात्र ट्यूबला मानत नाही.
तिच्याखाली पसंत केलेला रंग
एकदा व्यापाऱ्याच्या ओट्यावर भलताच निघाला,
चारशे चादरी परत आल्या होत्या.
तेव्हापासून नमुना घेऊन तो दारात जातो,
सकाळी दहाच्या उन्हात.

आजही गेला. कडी काढली, दार लोटलं.

माझ्या चौकटीत, मागे, लांब,
सोलापूरचं ऊन आत आलं
गुलाबी.
नरसप्पा गुलाबी, त्याची टोपी गुलाबी,
हातातला तुकडाही.
सगळं जुळवून बसलेल्या त्या शेडमध्ये
खरं तेवढंच चुकलेलं.

"दार लावू का?" त्यानं विचारलं.
मी म्हणालो, थांबा जरा.

मालकानं तो शॉट काढायला लावला.
काढला.
माझ्याकडे आहे.