मका

मंगळवारी सोलांजबाईंची पाळी.
ओशच्या रस्त्याला टेकडीवरचं शेवटचं घर,
दारात बदकांची रिकामी खुराडी,
आणि एक कुत्रा, जो मला अजून ओळखत नाही.

वजन घेते. एक्क्याण्णव.
मागच्या वेळी एक्क्याण्णव.
‘काटाच म्हातारा झालाय,’ त्या म्हणतात.

गावात कुजबुज आहे : लाफार्गांची विधवा चोरून पिते.
त्या थेंबही घेत नाहीत.
पाव, बदकाची चरबी, कॉफीत साखरेचे तीन खडे
आणि नवरा गेल्यापासून खुर्चीतून न उठलेल्या संध्याकाळी,
यकृताला एवढं पुरतं.

त्यांना आडवं करते.
उजव्या बरगडीखाली बोटं सरकवते : श्वास घ्या.
कड लागते हाताला. मऊ, बोथट.
काळजाला हात घालणं हे माझं रोजचं काम, अक्षरशः.
सवय होते म्हणतात.

त्या छताकडे बघत हसतात :
‘अजून चार दिवस. मग बाजाराला न्या.’

चाळीस हिवाळे त्यांनी
माना धरल्या, नळी घातली, मका ओतला,
आणि पहाटेच्या अंधारात
पिसांखाली चाचपून सांगितलं,
हे तयार, हे नाही.
इस्पितळातलं यंत्र आकडा देतं.
त्यांना आकडा कधी लागला नाही.

आहाराचा छापील कागद आणलाय मी.
मागचा टेबलाच्या लंगड्या पायाखाली दिसतो.
नवा पिशवीतच राहू देते.

कॉफी ओतताना त्या मधेच म्हणतात :
‘मका थांबवला ना, की उतरतं ते.
दोनेक आठवड्यांत.
बदक पुन्हा बदकासारखं चालायला लागतं.
आम्हाला ठाऊक होतं.’

मग?

‘मग काय. एकालाही सोडलं नाही.’

दोन खडे बशीतच राहतात.
मी ते मोजलेले त्यांना दिसतं.

नवऱ्याचे रबरी बूट चढवून त्या उंबऱ्यात उभ्या.
रस्त्याकडेला चार पॉप्लर आहेत;
दुसऱ्यापाशी धाप लागते.
पुढचे दोन पेशंट खोळंबलेत, खिशात फोन थरथरतोय,
थरथरू दे.
उतरेल, असं मी म्हणत नाही.
बोटांना कळतं तेवढंच सांगायची शिस्त आहे माझी.

मैलाच्या दगडावर बसून त्या डावा बूट झटकतात.
मक्याचे तीन दाणे पडतात,
कुठल्या हिवाळ्यातले कोण जाणे.

बराच वेळ बघत राहतात त्यांच्याकडे.
मग बूट घालतात, माझा दंड धरतात,
घराकडे वळत नाहीत.