गुमटूर

अमरावतीवरून एक पोरगी आलती,
खांद्याले झोला, हातात रेकॉर्डर.
तुमच्या बोलीतले शब्द द्या, म्हने,
जे पुस्तकात नाईत.

आमी संत्र्याच्या ढिगाजवय बसलो होतो,
बारका-मोठा माल निवडत.
पैकू म्हने, लेहा मॅडम, हुंबरी.
वरून पिवयं जर्द, बुडाले सडकं.
संत्र्याले म्हनते, जावयालेही म्हनते.
लेह्यलं तिनं.

इस्तारी म्हने, फटफोदा.
जो सोताच फोन लावते
अन् सोताच इचारते, कोन बोलते?
तिनं इचारलं, याचं अनेकवचन?
इस्तारी अडकला. मंग म्हने,
गावात एकच हाये. माहा साया.

हासू दाबता दाबता
पंचफुलाबाईच्या मुठीत संत्रं फुटलं.

मंग ते माह्याकडं वयली.
माह्याजवय काईच नव्हतं.
आदल्या राती घरी बोलाचाली झालती,
सकायी च्या नाई, डब्बा नाई.
तोंडातून निंघालं: गुमटूर.
म्हणजे?
म्हंजे भांडन सरलं,
पन कोनी बोलत नाई,
दोघंही पडल्या पडल्या
पंख्याची घरघर आयकून रायले.

तिचा पेन थांबला.
हळूच म्हणाली, आमच्याकडे याला शब्दच नाही.

ते गेल्यावर आमी लय हासलो.
मी जरा कमी.

आठ दिसांनी पंचफुलाबाई उशिरा आली.
काऊन वं?
गुमटूर हाये घरी, म्हने,
अन् खाली मुंडी घालून माल निवडाले बसली.
कोनीच हासलं नाई.

मंग तो पानठेल्यावर आयकला,
डेअरीच्या लाइनीत आयकला,
मोर्शीच्या बाजारात एका बुढ्यानं
मलेच अर्थ समजावून सांगतला:
लय जुना शब्द हाये बावा,
आमचा आजा म्हने.
मी म्हटलं, हाव का?

काल पोट्टं शायेतून आलं.
बाबा, लाइट गेली अन् वर्गात
असा गुमटूर झाला!
माहं डोस्कं सनकलं.
तसं नसते बे! त्याले आंधी भांडन लागते.
उगाच कायलेही गुमटूर म्हनू नोको.

आतून बायको म्हने,
मोठे आले मास्तर!
तुमाले काय मायती, कुठून आला तो शब्द?

मी गप्प.
ते गप्प.
पंखा फिरत होता.
पोट्ट्यानं एकदा तिच्याकडं पायलं, एकदा माह्याकडं,
अन् दप्तर ठेवता ठेवता म्हने,
हं... असा काय.