नो सिग्नल

मॉनिटर भद्रकालीतून आणला, एकशे ऐंशीला.
अय्याजभाई म्हणाला, आतला दिवा गेलाय, काच चांगलीय.
म्हटलं, दिवा नकोच आहे आम्हाला.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं लग्नाला येऊन जेवायचं नाही म्हणणाऱ्याकडे पाहतात.

निवृत्तीनं तो सतरंजीवर पालथा घातला.
(नाव निवृत्ती, पण तो निवृत्त झाला नाही.
अंबडची कंपनी चाकणला गेली,
हा राहिला पवननगरात.)
स्क्रू काढले, पत्रा काढला,
मागचे दुधी कागद सोलले
कांद्याचे पापुद्रे सोलावेत तसे,
आणि फितीसारखी ती केबल
श्वास धरून उलगडली.
तिचा एक केस तुटला की
चित्रात उभी रेघ, जन्मभर.

शेवटी हातात राहिली नुसती काच.
तिच्यातून पलीकडचा निवृत्ती दिसत होता,
धुरकट, थोडा तपकिरी,
जुन्या ओळखपत्रावर दिसायचा तसा.

भिंगं माझी.
कॉलेजात सव्वीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो,
ओव्हरहेड प्रोजेक्टर तीन जिने चढवायचो,
त्याचं वजन अजून उजव्या खांद्याला पाठ आहे.
लिलावात तो मीच घेतला. दुसरं कोणी बोललंच नाही.
त्याची चपटी भिंगं, गोल गोल रेघांची,
नखानं वाजवली तर गातील अशी.

दिवा चारशे वॅटचा,
पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधला.
चोक विटेएवढा जड, आणि सतत पुटपुटणारा.
दिव्यामागची वाटी तांबट लेनमध्ये ठोकून घेतली.
म्हातारबांनी विचारलं, नैवेद्याची का?
म्हटलं, उजेडाची.
ते म्हणाले, मग हातोडीचे डाग चालणार नाहीत,
आणि दोन दिवस जास्त लावले.

भिंगापासून दिवा बावीस सेंटीमीटर.
हे मी प्लायवर पेन्सिलीनं लिहिलं,
खाली तारीखही घातली. कशाला, माहीत नाही.

डिसेंबर. गच्ची. कानटोप्या.
दिवा लागला आधी जांभळा,
मग हिरवट, आजाऱ्यासारखा,
मग चार मिनिटांनी असा पांढरा
की समोरच्या इमारतीची भिंत
तिचे ओघळ, तिची भेग, सगळं घेऊन पुढे आली.
आणि काचेच्या मधोमध
एक काळा डाग उमलायला लागला.

जळाली, मी म्हणालो.
निवृत्तीनं बटण खाली केलं.
काचेवर तळहात धरला, न टेकवता,
तापलेल्या पोराच्या कपाळावर धरावा तसा.
जळाली नाही रे. घाबरलीय. पंखा कमी पडला.

हा दिवा गरम असताना पुन्हा पेटत नाही.
बारा मिनिटं थांबावं लागतं.
त्या बारा मिनिटांत, अंधारात,
पंख्याची वायर दातानं सोलत तो म्हणाला:
शेवटच्या दिवशी कार्ड पंच केलं ना,
तर मशीननं हिरवी अक्षरं दाखवली. धन्यवाद.
रोजच दाखवायचं. मी वाचलं नव्हतं कधी.

मग काही बोलला नाही. टेप मागितली.

दुसऱ्यांदा डाग आला नाही.
भिंतीवर आठ फुटांचा निळा चौकोन उभा राहिला,
त्यात इंग्रजी अक्षरं, डोकं खाली पाय वर,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगत:
नो सिग्नल.
काच उलटी बसवली होती आम्ही. म्हणजे सुलटी.

समोरच्या बाल्कन्या उघडल्या.
खैरनारांचा धाकटा भिंतीकडे पाठ करून वाकला
आणि दोन पायांमधून मोठ्यानं वाचू लागला,
नो, सिग, नल.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
एक पाखरू भिंगापुढून गेलं,
त्याची सावली दोन मजले झाकून गेली.

लॅपटॉपची वायर खालीच राहिली, निवृत्ती म्हणाला.
कोण जातं?

कोणीच गेलं नाही.