कयाधू

पोस्टातल्या खिडकीमागचा माणूस
तीनदा विचारतो. कादंबरी? कस्तुरी?
मग चष्मा कपाळावर सारून, "हे कसलं नाव?"
नदीचं, मी सांगते. इथल्याच.
तुम्ही रोज पुलावरून येता ना.
"हां, ती होय," म्हणतो आणि दाराबाहेर बघतो,
पुलाखाली काहीतरी असतं
हे आत्ताच कुणी सांगितल्यासारखा.

राशीनं क आला होता.
क ची नावं घरात पोत्यानं होती,
पण कमल म्हणजे धाकट्या काकूशी धरलेला अबोला,
कुसुम विहिरीत गेलेली, कांता नांदत नव्हती,
कौसल्या म्हटलं की आजोबा ताटावरून उठायचे.
गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं.
आत्या पाळण्यावर वाकली.
हिंगोलीच्या मोंढ्यात हळद निवडून
कायमची पिवळी झालेली बोटं
माझ्या कानाशी आडवी धरली
आणि कुणाचंच नव्हतं ते नाव
कुर्र केलं.
पाठीत बुक्क्या बसल्या,
त्या त्या दिवशी जरा खऱ्याच बसल्या म्हणे.

शाळेत मी काया धू होते.
काया धू, पाया धू, खरकटी भांडी धू.
पुढं कॉलेजात घोळवे सर म्हणाले,
अगं, ही तर प्रल्हादाची आई.
पोटुशी असताना नारदाच्या आश्रमात राहिली.
ऐकलेलं ती विसरून गेली,
पोटातल्याच्या ध्यानात राहिलं.

मी पळत आत्याकडं.
तिच्या हातातलं सूप थांबलं.
"राक्षसाची बायकू? मला काय म्हाईत माय.
मी आपली धुणं घिऊन जायची तिथं.
म्हटलं, नदीला कुणी नावं ठिवत न्हाई."
दोन हळकुंडं उलटीपालटी केली.
"ठिवतेत म्हणा. उन्हाळ्यात."

मी तिला आत्या म्हणायचे, वडील आक्का,
मोंढ्यातले हमाल नुसतंच "ओ बाई".
ती गेली तेव्हा सरकारी दवाखान्यात
नोंदीसाठी नाव विचारलं,
आणि आम्ही घरचे सगळे
एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.
शेवटी तिच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीखाली,
मतदानाच्या ओळखपत्रावर सापडलं:
धुरपदा.

परवा परभणीत भावाच्या लेकीचं बारसं.
ध आला होता.
भावजयीनं मोबाइलवरून उतरवलेला कागद
माझ्या हातात दिला. ध्रुविशा.
अर्थ: अढळ, तेजस्वी, धनवान,
आणि शाई पसरल्यानं न लागलेला आणखी एक.

मी वाकले.
कानाची पाळी एवढीशी, तेलानं ओली.
मागं बायका मुठी वळून तयार.
आधी एकदा, श्वासाच्या आवाजात,
धुरपदा म्हटलं.
तिनं झोपेतच पाय झाडला.
मग मोठ्यानं, ओसरीवरच्या माणसांनाही ऐकू जाईल असं,
कागदावरचं.

डावा खांदा अजून ठणकतोय.