तुतीचा डाग

पर्थपर्यंत सव्वाचारशे किलोमीटर गाडी मी चालवली.
क्लेम डावीकडे बसून गव्हाची शेतं बघत होता,
नाकावर पट्टी, मांडीवर टोपी.
आज आणलीस टोपी, मी म्हटलं.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.

चाळीस वर्षं क्रेफिशच्या होडीवर
वरून ऊन, आणि पाण्यातून पुन्हा तेच ऊन.
डाव्या नाकपुडीच्या कडेला आधी एक खपली,
दाढी करताना ओली व्हायची, दुपारपर्यंत सुकायची.
मीठ आहे, म्हणायचा.
मीही दोन उन्हाळे कानाडोळा केला,
तेवढं इथे लिहून ठेवते.

डॉक्टरीणबाई तरुण, हात गार.
एक थर काढला, काचेखाली बघितला.
आम्ही बाहेर चहा प्यालो.
दुसरा थर. पुन्हा चहा.
तिसऱ्यानंतर म्हणाल्या, कडा स्वच्छ आहेत.
नाकपुडीला मात्र कडच उरली नव्हती,
उंदरानं पाव कुरतडावा तशी खाच.

मग कान.
उजव्या कानाच्या मुळाशी कुर्चा जिथे वळते
तिथला तुकडा घेऊ, त्या म्हणाल्या,
दोन्हीकडे कातडी, मधे कुर्चा, सँडविचसारखा.
क्लेमला भूक लागली.
मी त्या कानाकडे बघत होते.
गाडीत माझ्या बाजूला असतो तो हाच.
टोपी घाल, मलम लाव, सावलीत बस,
सगळं याच कानात ओतलं मी,
आणि दुसऱ्यानं त्यानं ते समुद्रात सोडलं.

रक्तवाहिन्या जोडत नाहीत म्हणे.
तुकडा नुसता शिवतात
आणि वाट बघतात, शेजारचं मांस
त्याला घरात घेतं का.

पहिल्या दिवशी मेणासारखा पांढरा.
दुसऱ्या दिवशी जांभळा,
अंगणातल्या तुतीखाली मुलांचे तळवे व्हायचे तसा.
मी फोन केला.
जांभळा चालेल, काळा नको, त्या म्हणाल्या.
रात्री टॉर्च घेऊन उठायची मी.
जांभळा कुठे संपतो आणि काळा कुठे सुरू होतो
ते टॉर्चला कळत नाही.
क्लेम घोरायचा, तोंड उघडं टाकून,
आणि मी झोपलेल्या माणसाच्या नाकाला
विनवण्या करायची.

सातव्या दिवशी एक कड गुलाबी.
नखाएवढी. मी कुणाला सांगितलं नाही.
चहा ठेवताना तो म्हणाला, काही जळतंय.
तुला काय कळतंय, टाके आहेत अजून, मी म्हटलं.
टोस्ट होता.

काल धक्क्यावर गेला. टोपी घालून गेला.
खाच पडलेल्या कानावर ती नीट बसत नाही, कलते.
मी काही बोलले नाही.
माझं जे बोलायचं होतं ते आता
त्याच्या नाकावर आहे, किंचित वाकडं शिवलेलं,
आणि त्यावर कानाचेच दोन पांढरे केस,
जे मी त्याला कापू देणार नाही.