छताची उंची

वाशीच्या हॉलला झुंबर होतं.
मॅनेजर म्हणाला, लग्नात फोटो फार छान येतात.
मी टेप वर धरला : पंधरा फूट.
जुईलीला वर भिरकावलं की सतरा लागतात,
वेणी धरून.

घणसोलीच्या शाळेत पंखे खाली उतरलेले.
ऐरोलीत सगळं होतं, फक्त मधोमध एक खांब.
"त्याला फुगे लावू," सेक्रेटरी म्हणाले.

सहाशे मुली, चाळीस बस,
आणि संडास किती, हे विचारलं
की जो तो आपल्या वहीत बघतो.

शेवटी तुर्भ्याचं गोदाम.
कांदा गेला, वास राहिलाय.
छत इतकं उंच की पारवे दुसऱ्या कुणाच्या गावात असल्यासारखे.

वॉचमन म्हणाला, "मॅडम, हंडी कुठं बांधणार?"
हंडी नाही हो.
"मग फोडणार काय?"
काही नाही. वर जायचं,
आणि खाली कुणीतरी झेलायचं.
तो जरा गप्प झाला. मग सगळे दिवे लावले.

जुईली म्हात्रे सिमेंटवर उताणी पडली,
मार्चमध्ये मोडलेला हात पोटावर ठेवून.
बराच वेळ वर बघत राहिली.
"इथे नीट घाबरता येईल," म्हणाली.

मी टेप गुंडाळला.
आता मॅटचं भाडं विचारायचं,
आणि वासाचं काय ते.